उभं राहण्याची पद्धत

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं," पक्षाची सभा चालवणारे आजोबा म्हणाले आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या.

एकट्याच.

खुर्च्या जड आहेत, सरकवायला वेळ लागत असेल, असं बाईंना आधी वाटलं. त्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडचे गृहस्थ छताचा पंखा पहिल्यांदाच दिसल्यासारखे बघत होते. उजवीकडच्या ताईंनी पर्समध्ये डोकं घातलं होतं आणि ते इतक्यात बाहेर काढण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

बाईंनी मांडलेला ठराव एका ओळीचा होता. साहेबांनी नेतेपदाचा राजीनामा द्यावा. साहेबांच्या कृपेने अग्निशमन दलाला नव्याकोऱ्या, लालभडक गाड्या मिळाल्या होत्या, थेट साहेबांच्या जावयाच्या कारखान्यातून. गेल्या आठवड्यात एका इमारतीच्या पाचव्या मजल्याला आग लागली, तेव्हा कळलं की गाड्यांच्या शिड्या दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचतात. लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. साहेबांनी तीव्र दुःख व्यक्त केलं आणि इतक्या उंच इमारती बांधतं कोण, याची चौकशी लावली.

काल याच सभासदांपैकी निम्म्याहून जास्त जण बाईंच्या बैठकीच्या खोलीत मावत नसताना मावले होते. चहावर चहा झाला. "बाई, तुम्ही फक्त उभ्या राहा, पुढचं आमच्यावर सोडा," असं उपनेते छातीवर हात ठेवून म्हणाले होते. साहेब गेले तर खुर्ची उपनेत्यांचीच होती, तेव्हा त्या हाताखाली काहीतरी धडधडत असणारच. आत्ता ते पहिल्या रांगेत वाकून बुटाची नाडी बांधत होते. बुटाला नाडी नव्हती.

ठराव पडला तर मांडणाऱ्याने संध्याकाळपर्यंत पक्षाबाहेर जायचं, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची वेळच आली नव्हती. वर्गात पोरांना गप्प करण्यात हयात गेलेल्या बाईंना इतकी शांतता कधी मिळाली नव्हती.

"बसा आता, बाई. गुडघे दुखतील," मागून साहेबांचे मेहुणे मायेने म्हणाले. साहेब उठले की अख्खी खोली उठली पाहिजे, ही शिस्त मेहुण्यांचीच. कुणी उठायला उशीर केला तर ते कानाशी येऊन 'साहेब उभे आहेत' एवढंच म्हणत. त्या माणसाला पुढचं तिकीट मिळणार नाही, हे त्याला त्यातच कळत असे.

"नाही बसत," बाई म्हणाल्या.

"मोजा हो आजोबा, एक तर आहे!" साहेब म्हणाले. खोली खदखदून हसली. हसायला कुणाला उभं राहावं लागत नव्हतं.

आजोबा हसले नाहीत. ते पक्षातले सर्वांत जुने सभासद आणि नियमाला भलतेच पक्के. वेळ संपली म्हणून पोटच्या पोराचं भाषण त्यांनी अर्ध्या वाक्यात तोडलं होतं. उभं राहून मत द्यायची पद्धतही त्यांचीच. पूर्वी हात वर करत; पण काही मंडळी हात अर्ध्यावर नेऊन कान खाजवायची आणि मोजणीत भांडणं व्हायची. "घंटा वाजेल तेव्हा जे उभे असतील ते मोजायचे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी टेबलावरची पितळी घंटा उचलली.

साहेबांना मात्र आता धीर धरवेना. चेहरा उजळला होता. "कशाला उगाच ताटकळायचं? झालं ते! चला, निघतो मी," असं म्हणत ते दिलखुलास उठले.

आणि खोली उठली. खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. पंखेवाले उठले, पर्समधलं डोकं बाहेर आलं, नाडी सुटली. मेहुणे तर सगळ्यांच्या आधी.

घंटा वाजली.

"सर्व उभे," आजोबा म्हणाले. "ठराव एकमताने मंजूर."

"अहो, काय हे! माझ्यासाठी उठलेत ते!"

"कशासाठी उठले ते मोजत नाहीत. उठले ते मोजतात."

"बसा रे सगळे!" साहेब ओरडले.

पन्नासेक गुडघे सवयीने वाकले आणि मध्येच थबकले. प्रत्येकाने डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी अजून उभाच होता. गुडघे पुन्हा सरळ झाले.

"बसा म्हणतो ना!"

कुणी बसलं नाही. उपनेत्यांनी शांतपणे कोटाचं बटण लावलं.

साहेबांनी शेवटी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे लगबगीने खाली वाकले, निम्मे बसलेसुद्धा. मग त्यांनी एकवार खोलीवर नजर फिरवली आणि ते ताठ झाले.

साहेब गेले. दार आपटल्यावर खोलीत जो गलका उठला तो रस्त्यावर ऐकू गेला असेल. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. "मी म्हटलं नव्हतं?" असं प्रत्येक जण म्हणत होता. "शिड्या! त्या शिड्या आजच्या आज बदलायला हव्यात!" बाई आनंदाने ओरडल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. उपनेते सावकाश चालत पुढे गेले, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि गलका आपोआप थांबला.

बाईंचं उभं राहण्याचं काम झालं होतं. त्या खुर्ची ओढून मटकन बसल्या.

मेहुणे मागून वाकून त्यांच्या कानाशी आले. नजर पुढच्या खुर्चीकडे, उपनेत्यांवर.

"बाई," ते म्हणाले, "साहेब उभे आहेत."