घोडीबरोबरचा माणूस

"घट्ट धरा," डॉक्टर कालिंदी म्हणाल्या आणि शेवंतीच्या पुढच्या पायावरची पट्टी त्यांनी कापायला घेतली. उन्मेषने पांढऱ्या घोडीचं डोकं छातीशी धरलं. खरं म्हणजे शेवंतीला धरायची आता गरज राहिली नव्हती.

घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतं. कातडी, शिरा आणि हाड. तिथली जखम भरायला महिने लागतात. आणि एकदा भरायला लागली की उत्साहाच्या भरात गरजेपेक्षा जास्त मांस वर येतं, कातडीला जागाच ठेवत नाही. ते कापावं लागतं. त्या मांसाला काही जाणवत नाही. दोनदा कापलं, दोन्ही वेळा शेवंती गवत चघळत राहिली आणि उन्मेषने डोळे मिटून घेतले.

परळच्या या जनावरांच्या दवाखान्यात तो दिवसाआड यायचा. इस्त्रीचा शर्ट, डब्यात गूळ. शेवंती वरातीची घोडी. लालबागला एका वरातीत फटाक्याला बुजली आणि रस्त्याच्या खोदकामाभोवतीच्या पत्र्यात तिने पाय घातला. लगाम धरणारा पळून गेला. दवाखान्याच्या गाडीतून ती आली तेव्हा पायाला केशरी फेटा करकचून गुंडाळलेला होता. तो नसता तर वाटेतच संपली असती.

कालिंदीबाईंना तेव्हा नवल वाटलं होतं. फोनवर त्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत : कापडाने दाबून धरा, गाडी येईपर्यंत हात काढू नका. लोक हो म्हणत आणि फोटो काढण्यासाठी हात काढत. इतक्या वर्षांत आपलं कोणी ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. घरी तर ऐकायलाच कोणी नव्हतं.

पट्टी निघाली. खाली गुलाबी, कोवळी कातडी होती.

"मग परवा येऊ ना?" उन्मेषने विचारलं.

"आता कशाला? बरी झाली. मालक आज घेऊन जातायत."

"अच्छा."

त्याने डब्यातला सगळा गूळ एकदम काढला आणि तळहातावर शेवंतीपुढे धरला. परवापासून 'मॅडम, चहा झाला का?' असं आपल्यालाही कोणी विचारणार नाही, हे कालिंदीबाईंच्या लक्षात आलं. त्या हात धुवायला लागल्या. हात स्वच्छच होते.

तेवढ्यात घोडीचा मालक वैभव वरळीहून आला. लग्नसराईत एकाच वेळी चार ठिकाणी घोड्या पाठवणारा माणूस. आज पहिल्यांदाच उगवला होता.

"क्या बात है मॅडम! एकदम कडक झाली की!"

"तुमच्या माणसाने सांभाळली. एक खाडा नाही."

"माझा माणूस?" वैभवने उन्मेषला न्याहाळलं. "हा माझा नाय हो. मला वाटलं तुमचाच. दवाखान्यातला."

दोघंही उन्मेषकडे बघू लागले.

"तू कोण रे भाऊ?"

"नवरदेव," उन्मेष म्हणाला. "त्या वरातीतला."

"काय बोलतोस!" वैभव खदखदून हसला. "मग वहिनी कुठाय?"

"मुहूर्त टळला. हॉल समोरच होता, पण मी गेलो नाही. मुलीकडून निरोप आला, बसा आता घोडीपाशीच." त्याने शेवंतीच्या ओठावरचा गूळ पुसला. "तेव्हापासून बसतोय."

वैभवचं हसणं मध्येच थांबलं.

"अहो, पण उठायचं ना तुम्ही!" कालिंदीबाई जवळजवळ ओरडल्याच. "एवढी वरात होती. दुसऱ्या कोणाला धरायला सांगायचं!"

उन्मेषला हा प्रश्नच कळला नाही असं दिसलं.

"मॅडम, फोनवर तुम्हीच म्हणालात ना? गाडी येईपर्यंत हात काढू नका."