पीठ लागलेलं मशीन

पीठ मळायच्या मशीनचा खोका स्वयंपाकघराच्या दारातून सरळ जाईना, म्हणून सुनेनं तो आडवा केला आणि गुडघ्यानं ढकलत आत नेला. नवरा चौकटीला टेकून नुसता बघत होता. हात लावला तर संमती दिल्यासारखं झालं असतं.

"एवढ्या पैशात तुझी दोन शिलाई मशीनं आली असती," तो म्हणाला.

"माझ्याच शिलाईचे पैसे आहेत. आणि दोन मशीनं चालवायला मनगटं कुठून आणू? आहे ते मनगटच कामातून चाललंय."

हे ती उगाच बोलत नव्हती. ती कोट शिवायची. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं काज करताना बोटांतून सुई निसटली, आणि मग दिवसभर निसटतच राहिली. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, शिलाईखेरीज आणखी काय करता? ती म्हणाली, दर रविवारी सहा पावांचं पीठ मळते. डॉक्टर म्हणाले, दोन्हींतलं एक निवडा.

तिनं निवडलं होतं. घराच्या गळी उतरायचं तेवढं बाकी होतं.

कारण पाव म्हणजे या घराची अब्रू. सासूबाईंचा पाव गल्लीत सगळ्यांना ठाऊक. रविवारी सकाळी त्या स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायच्या, रेडिओ मोठ्यानं लावायच्या आणि तासाभरानं कोपरापर्यंत पिठानं माखून बाहेर यायच्या. मळताना कुणाची सावली पडली तर पीठ रुसतं, असं त्यांचं म्हणणं. पोटच्या पोरानंही ते दार बंदच पाहिलेलं. गेल्या वर्षी एका रविवारी मात्र त्या दहा मिनिटांतच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता सूनबाईनं शिकावं." तेव्हापासून रेडिओ फळीवर धूळ खात होता आणि सून पीठ मळत होती.

"आई, तूच सांग हिला," नवरा म्हणाला.

सासूबाई नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर बसल्या होत्या. पेटीत म्हणे त्यांची जुनी भांडी, आणि पेटीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला.

"मी काय सांगणार? तीस वर्षं या स्वयंपाकघरात पीठ मळलं जातंय. माझं मनगट एक दिवस दुखलं नाही."

"ऐकलंस?"

"ऐकलं," सून खोक्याच्या पट्ट्या कापत म्हणाली. "त्यांचं लोखंडाचं असेल. माझं हाडाचं आहे."

सासूबाईंनी खोक्याकडे तिरकी नजर टाकली. "आतली चाकं धातूची आहेत का प्लास्टिकची?"

"धातूची." सून जरा चपापली. खोट काढायची तर इतक्या आतली? "विचारून घेतलंय मी."

"असू दे. आवाज तर करणारच मेलं. भिंतीपलीकडे शिंकलेलं ऐकू जातं इथं. लोक म्हणतील, या घरातल्या हातांचा कस संपला."

"म्हणू देत. लोकांना पाव हवाय. माझं मनगट थोडंच कुणी मागायला येतंय?"

"वादच नको," नवऱ्यानं खिशातून पावती काढली. त्यानं ती आधीच वाचून ठेवली होती. "न वापरलेलं असेल तर सात दिवसांत परत घेतात. संध्याकाळी मी नेऊन देतो. तू यायचंही कारण नाही."

सुनेनं खोका उघडला. तिनं मशीन उचलून ओट्यावर ठेवलं. पोचे पडलेल्या पातेल्यांमध्ये ते नव्या नवरीसारखं अवघडून उभं राहिलं. तिनं पिठाच्या डब्याचं झाकण काढलं.

"अगं थांब, पीठ लागलं की ते परत..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि डबा उपडा केला.

पीठ भांड्यात पडलं, मशीनच्या डोक्यावर पडलं, थोडं नवऱ्याच्या शर्टावरही गेलं. यीस्ट, मीठ, पाणी घालून तिनं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. नवरा त्या आवाजात काहीतरी बोलला. मग पावतीची घडी केली, परत उलगडली, ओट्यावर टाकली आणि चपला अडकवून बाहेर गेला.

सून भांड्यात फिरणाऱ्या पिठाकडे बघत राहिली. पीठ बिघडलं तर हे मशीन माळ्यावर जाणार, ती पुन्हा परातीपुढे बसणार, आणि जन्मभर ऐकावं लागणार ते वेगळंच. काज करणारी बोटं पुन्हा मिळणार नव्हती.

आठ मिनिटांनी तिनं बटण बंद केलं. सासूबाई पेटीवरून उठल्या, ओट्यापाशी आल्या आणि गोळ्यात बोट दाबलं. खड्डा पडला, आणि सावकाश भरून आला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा भरून आला.

"बोला आई. काय बोलायचं ते एकदाच बोलून घ्या," सून म्हणाली. "पण हे मशीन इथून हलायचं नाही."

"हलवावं लागेल. ओट्यावर नको. येणारी-जाणारी बघते."

"बघू दे. मी काही चोरी केलेली नाही लपवायला."

"तोंडाला तुझ्या खीळ म्हणून नाही," सासूबाई पुटपुटल्या. त्यांनी जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटलं, कडी घातली. मग कमरेची किल्ली काढली, पेटीपुढे वाकल्या आणि झाकण उघडलं.

आत भांडी नव्हती. एक मशीन होतं. बोजड, रंग उडालेलं, दांडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. जळक्या तारेचा वास भपकन बाहेर आला.

"गेल्या वर्षी गेलं मेलं," सासूबाई म्हणाल्या. "हे गुपचूप भंगारात दे, म्हणजे तुझ्याला जागा होईल. चल, उरलेल्या पावांचं पीठ काढ. आणि आधी तो रेडिओ लाव. मोठ्यानं."