बाहेरून कडी

"विचारा, वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाल्या. "की बाईंनी आपले आपणच प्रश्न विचारून घ्यायचे?"

आमोदने हातातल्या फोनकडे पाहिलं. तो ज्यांच्या हाताखाली वकिली करायचा, त्या केदार सरांनी पाठवलेले प्रश्न त्यावर होते. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सुनीतीबाई मोघे रुमालाची घडी धरून उभ्या होत्या. मागच्या खुर्चीत त्यांचे यजमान, आमोदचे अशील, श्रीनिवास मोघे पाय हलवत बसले होते.

सकाळी सरांनी त्याला नुसती तारीख घ्यायला पाठवलं होतं. तारीख मिळाली नाही. उलटतपास आज घ्या, नाहीतर कधीच नको, असं न्यायाधीशांनी सुनावलं. मग बाहेरच्या बाकावर बसून त्याने बाईंचं प्रतिज्ञापत्र पहिल्यांदा वाचलं आणि सरांना फोन लावला.

"सर, मी ह्यांच्याकडे शिकवणीला जायचो. कोथरूडला."

"निम्मं पुणं उरलेल्या निम्म्याकडे शिकवणीला गेलंय. मग?"

"ते कोंडून ठेवल्याचं लिहिलंय ना त्यांनी, ते खरं आहे. मी स्वतः—"

"तू वकील आहेस की साक्षीदार? एक काय ते ठरव. मी मुंबईत अडकलोय. पाठवलेत तेवढे प्रश्न विचार आणि खाली बस."

आमोदने घसा खाकरला.

"घरखर्चाला तुमचे यजमान पैसे देत होते, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"तुमच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात त्यांनीच नेलं?"

"त्यांनीच. शेजारीपाजारी बघत होते ना."

टायपिस्टने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आणि घर तुम्ही स्वतःहून सोडलंत."

"हो, वकीलसाहेब. दार उघडं मिळालं, निघाले."

वकीलसाहेब. त्यांनी ओळखलं नसेलही. तेव्हा तो चौथीत होता. आता दाढी होती, काळा कोट होता.

मागून कोट ओढला गेला. "कडीचं विचारा," मोघे कुजबुजले. "सगळं त्याच्यावर आहे."

सगळं खरोखरच त्याच्यावर होतं. कोंडल्याचं कोर्टाला पटलं, तर बाईंना वेगळं राहता येणार होतं, पोटगी मिळणार होती. नाही पटलं, तर रागारागाने घर सोडून गेलेली एक म्हातारी, एवढंच उरत होतं, आणि तिला परत त्याच घरात जावं लागणार होतं. उलटतपासात जे खोडलं नाही, ते कोर्ट मान्य धरतं; आमोदने प्रश्न गाळला असता, तर बाईंचं म्हणणं आपोआप टिकलं असतं. पण अशील पाठीशी बसला होता आणि त्याला प्रश्न तोंडपाठ होते.

ती दुपार त्याला सकाळपासून दिसत होती. एक नव्हे, पुष्कळ दुपारी. खोलीचं दार बंद, आणि आतून बाईंचा आवाज. "दार फुगलंय रे, उघडत नाही. तू बस तिथेच. लिही." तो दाराबाहेर फरशीवर बसून अपूर्णांक सोडवायचा. वही दाराखालच्या फटीतून आत सरकवायची. ती तपासून परत यायची. श्रीनिवासकाका हॉलमध्ये पेपर वाचत असायचे. कडी त्याच्या हनुवटीच्या उंचीला होती.

दारं पावसाळ्यात फुगतात. ती शिकवणी मार्चमधल्या परीक्षेसाठी होती. हे त्याच्या ध्यानात आज आलं होतं.

"वकीलसाहेब, आम्ही आहोत अजून," न्यायाधीश म्हणाल्या.

"तुम्हाला..." आमोद म्हणाला. "तुम्हाला खोलीत घालून बाहेरून कडी लावल्याचं कधीही कोणी पाहिलेलं नाही, असं माझं म्हणणं आहे."

"चूक," बाई म्हणाल्या. "पाहिलंय."

मोघ्यांचा पाय थांबला.

"कोणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शिकवणीला एक मुलगा यायचा. दाराबाहेर बसून गणितं करायचा."

"मग हे प्रतिज्ञापत्रात का नाही? नाव सांगा त्याचं. बोलावून घेता येईल."

बाईंनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. आमोदकडे त्यांनी पाहिलं नाही. तो वाट पाहत राहिला. त्यांनी नाव घ्यावं असं त्याला वाटत होतं, आणि घेऊ नये असंही.

"नको," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, तुमच्याच फायद्याचं आहे. साक्षीदार आहे म्हणता आणि नाव सांगत नाही?"

"लहान होता हो तो. त्याला कशाला ओढायचं यात?"

न्यायाधीशांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या टायपिस्टकडे वळल्या. "लिहा. सदर मुलाचे नाव सांगण्यास साक्षीदाराने नकार दिला."

कळा खडखडल्या. मागे मोघे समाधानाने खुर्चीत रेलले. "झकास," ते हळूच म्हणाले. "आता शेवटचं."

शेवटचा प्रश्न सरांनी लिहून पाठवलाही नव्हता. त्याची गरज नव्हती. प्रत्येक उलटतपास त्यानेच संपतो. आमोदने तो दुसऱ्यांच्या तोंडून शंभरदा ऐकला होता, स्वतः कधी विचारला नव्हता. त्याने फोन खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर टेकले.

"तुम्ही कोर्टासमोर खोटं सांगत आहात," तो म्हणाला, "असं माझं म्हणणं आहे."

टायपिस्ट थांबून राहिली. बाईंनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मोठ्यानं विचार," त्या म्हणाल्या. "ऐकू नाही आलं."