नवमीचं कुंकू

गिरजाबाई मशीनला कुंकू लावत होती. बुडापासून शेंड्यापर्यंत, ओल्या बोटाने, एकेक ठिपका दाबून. फळांच्या शेडमधल्या बाकीच्या बाया तोंडात बोट घालून बघत राहिल्या. दर खंडेनवमीला वजनकाट्याची नि हातगाड्यांची पूजा व्हायची, तेव्हा ही बाई नेमकी पाणी भरायला बाहेर गेलेली असायची. यंदा मात्र तिने ताट स्वतःहून मागून घेतलं. शेडचे मालक कुंदनशेठ खूश झाले. नव्या लक्ष्मीचं स्वागत असंच व्हायला पाहिजे, म्हणाले.

नवी लक्ष्मी म्हणजे रबराचा लांबलचक पांढरा हात. हत्तीच्या सोंडेसारखा, आत हाड म्हणून नाही. तो सीताफळाला वेटोळं घालून उचलायचा आणि जराही न दाबता क्रेटमध्ये ठेवायचा. आज त्याने एक क्रेट नीट भरून दाखवला की फळं भरणाऱ्या बायांना घरी बसवायचं, हे शेठनी त्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं. लाजबीज काही नाही.

"हाड नाही ना, म्हणून आपण किती वाकलोय हे त्याचं त्यालाच कळत नाही," मशीनवाल्या कंपनीची उन्नती आठवडाभर सगळ्यांना कौतुकाने समजावत होती. "वरचा कॅमेरा त्याच्या अंगावरचे लाल ठिपके बघतो. त्यावरून कॉम्प्युटर त्याला हलवतो." ज्यांच्या पोटावर पाय येणार, त्यांनाच हे हौसेने सांगायचं! पोरगी वाईट नव्हती, तिला फक्त समोरच्या बाया दिसत नव्हत्या.

पूजा चालली होती तेव्हा उन्नती आपल्या साहेबांना घ्यायला गेटवर गेली होती. ती आली आणि तिने बटण दाबलं. हात उठला, हवेत अडखळला आणि क्रेटच्या कडेवर आपटला. मग फळांवर. पुन्हा फळांवर. गर उडून शेठच्या पांढऱ्या शर्टावर बसला.

"कुंकू!" उन्नती ओरडली. "कॅमेऱ्याला कुंकवाचे ठिपके खरे वाटतायत. पाच मिनिटं द्या शेठ, पुसून घेते."

शेठनी तिच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं. "नवमीचा कुकू पुसाचा? माझे शेडमदी? उद्या घरावर काय आलं तं तू निस्तरशील? उचला ही सोंड. जी मशीन कुकू सोसत नाय, ती मना नको."

साहेबांनी हात जोडून पाहिले. शेठनी पाठ फिरवली. दुपारी टेम्पो आला आणि लक्ष्मी आल्या वाटेने परत गेली.

"मावशी, तुमच्या भोळ्या भक्तीने माझी सगळी मेहनत पाण्यात घालवली," जाताना उन्नती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. गिरजाबाईने मान खाली घातली. भोळी तर भोळी.

संध्याकाळी नावडे गावातल्या खोलीत तिचा नवरा शिवराम तिच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होता. उद्या अशोक विजयादशमी. विहारात पहिल्या रांगेत उभं राहून दोघं देवपूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा म्हणायचे. लग्न झाल्यापासून एक साल चुकलं नव्हतं. गिरजाबाई मोरीत हात घासत होती. साबणाची वडी झिजून पातळ झाली, तरी नखांच्या कडा लालच.

शिवरामने ते पाहिलं. इस्त्री उभी करून ठेवली.

"कुंकू? आपल्यात कवापासून?"

"मशीनला लावलं. सगळ्या बायांची कामं वाचली."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे. पोटासाठी एक डाव झालं. पुन्हा नको."

तिने नळ बंद केला.

"शेठ म्हनले, देवीनं तुमच्या हातून मला सावध केलं. आता दर नवमीला पूजा तुमीच करायची." ती नखांकडे बघत राहिली. "मी हो म्हनले."