आईचा कमरपट्टा

शर्वरीची बॅलेच्या निवडीची चाचणी चालू होती.

"आधी वर ताण, मग बाजूला वाक. कंबर मोडू नकोस," झरीन मॅडमनी बजावलं. पण काहीच दुखत नसल्यामुळे शर्वरी खाली खाली झुकतच गेली. तिची कळ कमरपट्ट्यावाटे काचेपलीकडे बसलेल्या आईच्या कमरेत जात होती. हल्ली सगळ्याच आया असे पट्टे लावून बसत. म्हणून मॅडमची नजर मुलीवर नव्हतीच, आईच्या चेहऱ्यावर होती. आईने खुर्ची घट्ट धरली, ओठ चावला आणि हसून मान डोलावली.

"बास! हळूहळू सरळ हो," म्हणत मॅडम बाहेर धावल्या.

"राहू द्या हो, निवड होईपर्यंत तरी," आई कण्हली.

मॅडमनी तिचा पट्टा सोडला. आत शर्वरी किंचाळली.