चेहरा जुळत नाही

न्हाव्याने जेवणासाठी शटर अर्ध्यावर ओढलं होतं, तेवढ्यात झिपऱ्या वाकून आत शिरला.

"ए, निघ! आधी बाहेर हो!" न्हाव्याच्या हाताला झाडू लागला. त्याने तोच उगारला.

झिपऱ्या हलला नाही. त्याला धाप लागली होती. अंगावरच्या घोंगडीला जळका वास येत होता. तो कुठल्यातरी परक्या देशातून आलेला, महिनाभर पादचारी पुलाखाली राहत होता. त्याचं खरं नाव कोणी विचारलं नव्हतं. छातीपर्यंत दाढी, खांद्यावर केसांची जाळी, म्हणून झिपऱ्या. सोमवारी गल्लीतली एक मुलगी हरवली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव आलं. मुलगी संध्याकाळी मावशीकडे सापडली. ती घरी परतली, अफवा काही परतली नाही. न्हाव्याच्या मेहुण्याने पाचपंचवीस जणांची टोळी उभी केली, हातात काठ्या दिल्या आणि दुकानादुकानांवर पाट्या लावल्या : 'बाहेरच्यांना मनाई.' न्हाव्याच्या काचेवरची पाटी न्हाव्याने स्वतः चिकटवली होती. मेहुण्याला तेवढं तरी बरं वाटावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, भीती त्यालाही वाटत होतीच.

आज टोळीने पुलाखालचं अंथरूण पेटवलं होतं. धूर इथूनही दिसत होता.

झिपऱ्याने छातीशी धरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि आरशापुढच्या फळीवर ठेवला. राहण्याच्या परवान्याचा अर्ज होता. कोपऱ्यात फोटो. दाढी गुळगुळीत केलेला, व्यवस्थित भांग पाडलेला एक माणूस. खाली लाल शाईत एकच शेरा तीन वेगवेगळ्या तारखांना मारलेला : 'चेहरा जुळत नाही.'

"ऑफिस," झिपऱ्या म्हणाला. त्याला मोजकेच शब्द येत होते. "चार वाजता बंद. आज शेवट." मग त्याने फोटोवर बोट ठेवलं. "मी."

"हे बघ, दुसरीकडे जा. मला बायको-पोरं आहेत."

"मी," तो पुन्हा म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. मेहुण्याचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. न्हाव्याने एक हाक मारली असती की काम झालं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण तोवर तो माणूस खुर्चीत जाऊन बसला होता. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक बसतं तसा. खुर्चीत बसलेल्याला उठवायची न्हाव्याच्या हाताला सवय नव्हती.

"तोंडातून अवाक्षर काढायचं नाही," तो कुजबुजला. "बोललास तर दोघंही मेलो. कळलं?"

कात्री चालू झाली. केसांचे गठ्ठे फरशीवर पडू लागले. कानामागची जट कापताना न्हाव्याचा हात थांबला. तिथे खोक पडली होती, रक्त वाळून केसांना चिकटलं होतं. मंगळवारी टोळीने पुलाखाली दगड मारले होते. हा कोणाचा लागला, कोण सांगणार? एक दगड न्हाव्यानेही मारला होता. मारताना डोळे मिटून घेतले होते, इतकंच.

त्याने पाणी कोमट केलं. खोक फडक्याने हळूहळू भिजवली. माणूस कण्हला, पण शब्द त्याने काढला नाही. मग फेस, मग वस्तरा. गळ्यावरून वस्तरा फिरत होता आणि तो माणूस शांत श्वास घेत होता. न्हाव्याला वाटलं, याच्या जागी आपण असतो तर या गल्लीतल्या कोणाच्या हाती गळा दिला असता?

फेसाखालून चेहरा निघाला. तिशीचा असेल नसेल. न्हाव्याने कागदाकडे पाहिलं, आरशात पाहिलं. तोच होता.

घोंगडी त्याने बाकाखाली सारली. खुंटीवरचा स्वतःचा इस्त्रीचा शर्ट त्याच्या अंगात घातला, कागद वरच्या खिशात ठेवला. शेवटचं बटण लावतो न लावतो तोच शटरवर काठी आपटली.

"भाऊजी! उघडा!"

मेहुणा उत्तराची वाट न पाहता आत आला. मागे चारपाच जण. "तो हरामखोर इकडे पळालाय. पाहिलात?"

"मी गिऱ्हाईक करत होतो," न्हावी म्हणाला.

मेहुण्याची नजर फरशीवर गेली. "बाप रे! एवढे केस?"

"सकाळपासून झाडायला सवड कुठे मिळालीये? तूच झाडतोस का? घे झाडू."

मागचे हसले. मेहुणाही ओशाळून हसला. न्हाव्याने ब्रशने त्या माणसाच्या खांद्यावरचा एकेक केस झटकला, जमेल तितका वेळ लावून. मग बाजूला झाला.

माणूस उठला. न्हाव्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि दाराकडे निघाला. काठ्या घेतलेले लोक अंग चोरून दोन्ही बाजूंना सरले. शटर अजून अर्ध्यावरच होतं म्हणून मेहुणा चटकन पुढे झाला आणि दोन्ही हातांनी ते त्याच्यासाठी वर उचलून धरलं.

"जपून जा हो, साहेब," तो अदबीने म्हणाला. "एकटे फिरू नका. तो झिपऱ्या इथेच कुठेतरी आहे."