मूळ प्रतीप्रमाणे

१९६६ साली, ऑगस्टच्या अकरा तारखेला, पोस्टमन सलग बाविसाव्या दिवशी तिच्या दारावरून तसाच पुढे गेला. आधी आधी तो थांबून थट्टा करायचा, "अगं, तुझं पत्र पायी निघालंय, पोचेल हळूहळू!" आता तो सायकलवरून मानही वळवत नव्हता. पायरीवर बसलेली मुलगी मात्र रस्त्याच्या टोकाला तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

डॉक्टरीच्या कॉलेजात जागा साठ. तिचा नंबर एकसष्टावा, म्हणजे प्रतीक्षा यादीत पहिला. "साठातला एखादा गळतोच. दरवर्षी गळतो. मग आम्ही पत्र पाठवतो," असं कॉलेजच्या खिडकीतला कारकून म्हणाला होता. त्या वाक्यावर सगळं घर उभं होतं. आईने ट्रंक भरून ठेवली होती, सगळ्यात वर नवाकोरा टॉवेल. मुलगी बसल्या बसल्या साठ अनोळखी पोरांमधून एकाला गाळत असायची. कुणाचं लग्न ठरावं. कुणाच्या वडिलांची लांब बदली व्हावी. एकदा कुणीतरी आजारी पडावं असंही तिच्या मनात आलं, आणि मग दिवसभर तिला आरशात बघवेना.

वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षराला अक्षर लावायचे. कॉलेजची सगळी छपाई त्याच छापखान्यात व्हायची, प्रवेशाची शेवटची यादीसुद्धा. त्यांचं काम इतकं चोख, की प्रूफं तपासणारे लालपेनकाका कुरकुरायचे, "तुमच्यापायी माझ्या पेनातली शाई वाळते हो! एखादी वेलांटी तरी चुकवा, नाहीतर मालक मला घरी बसवतील." वडील मान वर न करता म्हणायचे, "मूळ प्रतीत असेल ते जुळवायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

रोज संध्याकाळी ते बोटांवरचा काळेपणा साबणाने घासत, तेव्हा ती टॉवेल घेऊन शेजारी उभी राहायची.

"बाबा, यादी आली का छापायला?"

"नाही अजून."

"म्हणजे अजून पक्की झाली नाही."

"नसेल झाली."

मग ती पानावर बसून चार घास खायची.

त्या अकरा तारखेला वडील डबा घरीच विसरले. पोस्टमन गेल्यावर ती डबा घेऊन छापखान्यात पोचली. वडील खिळ्यांच्या खणांपुढे उभे होते. डबा ठेवायला जागा करावी म्हणून तिने टेबलावरचा गठ्ठा सरकवला. कॉलेजच्या माहितीपुस्तिका होत्या, शिवून तयार. तिने वरची उचलली. शेवटच्या पानावर प्रवेश मिळालेल्यांची यादी होती. तिने ती बोट ठेवून वाचली. मग पुन्हा वाचली, खालून वर. साठ नावं. कुणीही गळलं नव्हतं. पानाच्या तळाशी छपाईची तारीख होती, पंचवीस जुलै.

"ही तुम्ही जुळवलीत?"

वडिलांनी मान हलवली.

"सतरा दिवस झाले, बाबा. आणि मला रोज सांगताय, नाही आली?"

"वाट बघत होतीस तोवर जेवत तरी होतीस, बाळा."

"साठ नावं लावलीत आपल्या हाताने. एकदा तरी हात अडखळला का? कसा अडखळेल! तुमची कधी चूक झालीय का!"

कोपऱ्यातल्या टेबलावरून लालपेनकाका अर्धवट उठले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. वडिलांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसे ते पुन्हा बसले. वडिलांनी खणातला एक खिळा उचलला, बोटांत फिरवला आणि होता तिथे ठेवून दिला.

डबा भरलेलाच घरी आला. आईने ट्रंक उघडली आणि टॉवेल वापरायला काढला. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर कुणी बसलं नाही. त्यानंतर मुलीने कशाचीच वाट बघितली नाही.

ती पुढे शाळेत शास्त्र शिकवू लागली. चौतीस वर्षं तिने फळ्यावर माणसाचं हृदय काढलं आणि तास संपला की पुसलं. पोस्टमनला बढती मिळून खिडकीमागची खुर्ची मिळाली. आई आधी गेली. ट्रंकेत जुनी वर्तमानपत्रं साठत राहिली. नवी यंत्रं आली तेव्हा छापखान्यातले खिळे पोत्यांत भरून भंगारात गेले आणि वडील घरी बसले. मुलगी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात तिने औषधं घड्याळ लावून दिली. हात मात्र हातात घेतला नाही.

ते गेले, त्यानंतर आठवड्याने लालपेनकाका काठी टेकत टेकत आले. पाणीसुद्धा न घेता त्यांनी खिशातून एक घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद काढला.

"'मी आहे तोवर तिला दाखवायचा नाही,' अशी शपथ घातली होती तुझ्या बाबांनी मला," ते म्हणाले. "म्हणायचे, जुळाऱ्याला लाज आहे ही."

त्या यादीचं पहिलं प्रूफ होतं ते. साठ नावं, काना-मात्रेचीही चूक नाही. त्यांच्या खाली, एकसष्ट आकड्यापुढे, तिचं नाव तिच्या वडिलांच्या नावासकट जुळवलेलं होतं. त्यावर एक लाल रेघ मारलेली होती, आणि समासात बारीक अक्षरांत शेरा होता: 'मूळ प्रतीत नाही.'